‘लेन्स गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं? जुना सीडी प्लेअर दुरुस्त करावा की बदलावा

प्रश्न: इंदूरला रामबागेत राहतो. बाबांचा १९९६ च्या सुमाराचा सीडी प्लेअर आहे. ट्रे अर्धवट बाहेर येऊन थांबतो, हाताने ओढावा लागतो. सीडी घातली की दोन-तीनदा ‘नो डिस्क’ येतं, मग कधीतरी वाचतो. घरी कॉपी केलेल्या सीडी तर वाचतच नाही. वाचली तरी साधारण ५० मिनिटांनंतर कुठलीही सीडी अडखळते. मेकॅनिकने झाकण उघडून बघितलं आणि ‘लेन्स गेली, आता मिळत नाही, नवा घ्या’ म्हणाला. घरात दोनशेच्या आसपास सीडी आहेत, बहुतेक शास्त्रीय संगीताच्या, काही घरगुती मैफिलींच्या. काय करावं?

उत्तर:

आत्ताच नवा घेऊ नका, आणि लेन्सचे पैसेही आत्ता देऊ नका. तुम्ही सांगितलेल्या तीन तक्रारी एकाच दुखण्याच्या वाटतात, पण त्या मशीनच्या तीन वेगवेगळ्या भागांतून येतात. तिन्हींची सगळ्यात संभाव्य कारणं स्वस्तातली आहेत: सैल पडलेला बेल्ट, लेन्सवर बसलेला थर आणि वाळलेलं ग्रीस. ही तीन कामं आधी करा. त्यानंतर जे उरेल त्यावर दुरुस्ती की नवा हे ठरवा. हा निर्णय मशीनच्या वयावरून किंवा कंपनीच्या नावावरून घ्यायचा नसतो. कुठला भाग बिघडला आहे आणि तो भाग आज मिळतो का, एवढ्यावरच घ्यायचा असतो.

आधी शब्दाचा घोळ सोडवू. बाजारात ज्याला ‘लेन्स’ म्हणतात तो पूर्ण पिकअप असतो. त्यात ७८० नॅनोमीटरचा लेसर डायोड असतो, किरण वळवणारा आरसा किंवा प्रिझम असतो, परत आलेला प्रकाश मोजणारे फोटोडायोड असतात, आणि सगळ्यात वर बारीक तारांवर किंवा लवचिक पट्ट्यांवर तरंगणारी खरी लेन्स, तिला वरखाली आणि आजूबाजूला हलवणाऱ्या कॉइलसह. यातलं काय गेलं हे झाकण उघडून नुसतं बघून कळत नाही. लेसर अशक्त झाला तरी ‘नो डिस्क’, लेन्स मळली तरी ‘नो डिस्क’, खालची मोटर थकली तरी ‘नो डिस्क’. तुमच्या मेकॅनिकने काही मोजलं नसेल, तर ते निदान नाही, अंदाज आहे.

ट्रे आत गेल्यावर काय घडतं

झाकण उघडून एकदा हे नीट बघा, पुष्कळ गोष्टी तिथेच कळतात. आधी एक काळजी: मशीन चालू असताना लेन्सच्या थेट वर डोळा न्यायचा नाही. हा किरण जवळजवळ अदृश्य असतो, तिरकं बघितलं तर फक्त एक फिकट लाल ठिपका दिसतो, त्यामुळे तो किती तीव्र आहे हे डोळ्याला समजत नाही. एक-दीड फुटावरून, बाजूने बघा. मेन्सची वायर आणि ट्रान्सफॉर्मर असलेल्या कोपऱ्यात हात घालू नका.

ट्रे आत गेला की पिकअप केंद्राच्या बाजूला सरकतो, लेसर लागतो आणि लेन्स फोकस शोधत दोन-तीन वेळा वरखाली होते. फोकस सापडला तरच मोटर सीडी वेगात फिरवते आणि सर्वांत आतल्या पट्ट्यातली अनुक्रमणिका वाचली जाते. सीडी आतून बाहेर वाचली जाते. आत असताना ती मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते, बाहेरच्या कडेला हा वेग २०० च्या आसपास उतरतो.

या क्रमातच निदान दडलेलं आहे. लेन्स हललीच नाही, तर कॉइल, तिचा ड्रायव्हर आयसी (तिला वीज पुरवणारी चिप) किंवा पट्टीकेबल (पिकअपला बोर्डाशी जोडणारी चपटी वायर). लेन्स वरखाली झाली पण सीडी फिरली नाही, तर फोकस सापडला नाही: मळ किंवा अशक्त लेसर. सीडी फिरली, पण आळसावून फिरली किंवा उलट भन्नाट वेगात सुटली आणि मग ‘नो डिस्क’ आलं, तर मोटर किंवा सिग्नल.

भैरवीपर्यंत पोचते का ते बघा

तपासायला तीन सीडी घ्या: ७० मिनिटांच्या वरची, ओरखडा नसलेली, कंपनीची छापील सीडी; घरी कॉपी केलेली एक; आणि एखादी ४० मिनिटांची जुनी छापील. मैफिलीच्या सीडीवर सुरुवातीचा विलंबित ख्याल आतल्या बाजूला असतो आणि शेवटची भैरवी बाहेरच्या कडेला. म्हणून अशी सीडी हे यंत्र तपासायचं फार चांगलं साधन आहे. शिवाय संथ आलापात, मागे नुसता तानपुरा चालू असताना, बारीकशी ‘टिक’ही लपत नाही. तीच जर जलद तालाच्या गाण्यात आली तर ढोलकीत मिसळून जाते.

पहिली दोन-तीन गाणी त्रास देतात आणि पुढची सुरळीत वाजतात, असं असेल तर सीडी फिरवणाऱ्या खालच्या स्पिंडल मोटरवर संशय घ्यावा. सगळ्यात जास्त वेग आणि शून्यातून उचलायचा सगळा जोर तिला सुरुवातीलाच लागतो. कार्बन (आत वीज पोचवणारे ब्रश) झिजलेली मोटर तिथेच हरते. उलट, सुरुवात छान आणि शेवट अडखळत असेल तर पिकअप बाहेर सरकवणारी यंत्रणा बघायची. एकाच सीडीवर एकाच जागी अडत असेल तर सीडी बघायची, प्लेअर नाही. आणि थंड असताना ठीक, अर्ध्या तासाने बिघडतो, सीडी बदलली तरी वेळ तीच, असं असेल तर ऊष्णतेचा दोष: ड्राय सोल्डर (सुटत आलेला सोल्डरचा टाका), गरम होणारा ड्रायव्हर आयसी, कधी मोटरच.

तुमच्याकडे ‘५० मिनिटांनंतर’ ही खूण आहे, पण ती दोन अर्थांची आहे. ५० मिनिटं चालल्यामुळे अडतो, की ५० मिनिटांच्या जागेवर आल्यामुळे अडतो? मशीन थंड असताना थेट शेवटचा ट्रॅक लावा. लगेच अडखळला तर जागेचा दोष. ७४ मिनिटांच्या सीडीवर ५०व्या मिनिटाला किरण केंद्रापासून साधारण ५० मिलिमीटरवर असतो, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून पिकअप २५ मिलिमीटर सरकलेला असतो. त्या जागेवर काय आहे हे मग डोळ्यांनी बघता येतं. आणि ४० मिनिटांची सीडी शेवटपर्यंत बिनतक्रार वाजली, तर हाच निष्कर्ष पक्का होतो.

पहिलं काम: बेल्ट

प्लग काढा. ट्रेच्या पुढच्या बाजूला, लोडिंग मोटरच्या पुलीवर चौकोनी छेदाचा बारीक रबरी बेल्ट असतो. वीस-पंचवीस वर्षांत तो ताणला जातो, गुळगुळीत होतो आणि घसरतो. बोटाने दाबल्यावर सैल लोंबला तर तोच दोषी. काही बेल्ट वितळून काळा डांबरासारखा चिकटा होतात. तो चिकटा पुलीच्या खाचेतून टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण काढावा लागतो, नाहीतर नवा बेल्टही त्यावर घसरतो.

माप असं घ्या: दोन्ही पुलींभोवती, बेल्ट जिथून जातो त्याच वाटेने दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजा आणि ३.१४ ने भागा. जो व्यास येईल त्याहून ५ ते ८ टक्के लहान आतला व्यास असलेला बेल्ट मागा. जुन्या बेल्टच्या मापाने घेऊ नका, तो आधीच ताणलेला आहे. फार घट्ट बेल्टही नको, त्याने लोडिंग मोटरच्या बुशवर ताण येतो आणि ट्रे रडत रडत बाहेर येतो. बेल्ट बदलूनही ट्रे पूर्ण बाहेर आल्यावर मोटर घरघरत राहिली किंवा ट्रे लगेच परत आत गेला, तर ट्रेच्या टोकाचा पत्तीचा स्विच कळकटला आहे; कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि दहा-बारा वेळा हाताने दाबणं पुरतं.

दुसरं काम: लेन्स पुसणं

इंदूरमध्ये एप्रिल-मेची कोरडी बारीक धूळ सगळीकडे शिरते, पण लेन्सचं खरं नुकसान चिकट थराने होतं. प्लेअर देवघराजवळ असेल तर उदबत्ती-धुपाचा धूर, स्वयंपाकघराला लागून असेल तर फोडणीची वाफ. या थरावर धूळ बसते आणि नुसत्या फुंकरीने निघत नाही. फुंकर मारूही नका, तिच्यात ओल असते.

९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. जेल रोडवर मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे ते असतं. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट नको, ते वाळल्यावर डाग सोडू शकतं. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. लेन्स प्लास्टिकची असते, कायमची धुरकट होईल. इअरबड बुडवा आणि बाटलीच्या काठावर दाबून इतका निथळवा की थेंब पडणार नाही. लेन्सवर इअरबडचं स्वतःचं वजन असेल तेवढाच भार द्या आणि मधून बाहेर गोल फिरवा. लेन्स खाली दबली तरी घाबरू नका, ती तारांवर तरंगते आणि परत वर येते. पण तिरकी ओढू नका. दुसऱ्या कोरड्या इअरबडने एकदाच पुसा. पाच मिनिटं वाळू द्या. स्वच्छ झालेल्या लेन्सवर खिडकीचा उजेड पाडला तर निळसर-जांभळी झाक दिसते. राखाडी धुकट दिसली तर आणखी एकदा करा.

ब्रश लावलेली ‘लेन्स क्लीनर’ सीडी मी सुचवणार नाही. ५०० फेऱ्यांच्या वेगाने ते केस लेन्सवर आपटतात, आणि चिकट थर तर त्यांनी पसरतो.

घरी कॉपी केलेल्या सीडी आधी का बंद पडतात, याचं उत्तरही इथेच आहे. छापील सीडीत ॲल्युमिनियमचा थर असतो, तो ७० टक्के किंवा त्याहून जास्त प्रकाश परत पाठवतो. कॉपी केलेल्या सीडीत मध्ये रंगद्रव्याचा थर असतो, तिथून येणारा सिग्नल त्या काळच्या मशीनला काठावरचाच पडतो. पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी तर १५ ते २५ टक्केच परत पाठवते, ती १९९६ च्या मशीनने वाचली नाही तर तो बिघाड समजू नका. लेन्सवर थर बसला की किरण जाताना आणि परत येताना असा दोनदा अडतो. त्यामुळे कॉपी केलेल्या सीडी आधी जातात, मग छापील सीडी तिसऱ्या प्रयत्नात वाचल्या जातात. तुमचं लक्षण तंतोतंत हेच आहे. अशक्त लेसरचंही हेच असतं, म्हणून आधी पुसायचं आणि मग मोजायचं.

लेन्स पुसून काहीच फरक पडला नाही तर थर तिच्याखालच्या आरशावरही असू शकतो. तिथे पोचायला पिकअपचं वरचं कव्हर काढावं लागतं, ते जाणत्या हातानेच करावं.

तिसरं काम: ग्रीस, दांडी आणि पट्टीकेबल

पिकअप एका चकचकीत दांडीवर सरकतो आणि त्याच्या कडेची दातेरी पट्टी गिअरमध्ये अडकलेली असते. कारखान्यात लावलेलं ग्रीस इतक्या वर्षांत मेणासारखं होतं. पिकअप सुरुवातीच्या, रोज वापरल्या जाणाऱ्या भागात सहज सरकतो आणि बाहेरच्या, क्वचित गाठल्या जाणाऱ्या भागात त्या मेणात रुततो. बहुतेक सीडी ५०-६० मिनिटांच्या असल्या की बाहेरचं ग्रीस कुणी मोडतच नाही, ते तिथे साचत जातं. तुमच्या तिसऱ्या तक्रारीचं पहिलं संशयित हेच आहे.

प्लग काढून गिअर बोटाने हळूहळू फिरवा आणि पिकअप या टोकापासून त्या टोकापर्यंत न्या. मध्ये कुठे जड लागतो का, कुठे उडी मारतो का, हे बोटाला कळतं. जड लागला तर ग्रीस. ठरावीक अंतराने उडी मारली तर गिअरचा दात तुटला आहे किंवा पांढऱ्या प्लास्टिकच्या गिअरला मोटरच्या दांडीजवळ चीर गेली आहे. दातांत अडकलेला एखादा केसही तेच करतो. जुनं ग्रीस अल्कोहोलने पूर्ण पुसा. दांडीवर आणि दातांवर मिळून तांदळाच्या दोन दाण्यांएवढं पांढरं लिथियम ग्रीस पुरे, इतकं पातळ की थर दिसू नये. शिवणयंत्राचं तेल किंवा खोबरेल नको. ते ओघळतं, धूळ धरतं आणि कधी लेन्सपर्यंत पोचतं.

ग्रीस ठीक असेल तर पट्टीकेबल बघा. पिकअपबरोबर ती रोज वाकते आणि एका घडीवर तिच्यातली तांब्याची रेघ तुटते. पिकअप आत असताना तुटलेली टोकं टेकलेली असतात, बाहेर गेला की ती सुटतात. म्हणजे पुन्हा तेच: सुरुवात छान, ठरावीक जागेनंतर बंद. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवून केबल वाकवत वाकवत प्रत्येक रेघ तपासा. हा भाग किरकोळ किमतीचा आहे. पिनांची संख्या, दोन पिनांमधलं अंतर आणि लांबी जुळली की झालं.

प्रीसेटला हात नको

पिकअपच्या कडेला एक छोटा प्रीसेट, म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा रेझिस्टर, असतो. तो फिरवला की लेसरचा करंट वाढतो, न वाचणाऱ्या सीडी एकदम वाचायला लागतात आणि ग्राहक खूष होऊन घरी जातो. थकत आलेल्या लेसरला जास्त करंट दिला की तो आणखी लवकर मरतो. लेसर डायोड करंटला फार नाजूक असतो, क्षणभराचा जास्तीचा करंटही त्याला संपवतो. म्हणून मेकॅनिककडे मशीन देताना स्वच्छ सांगा: न विचारता प्रीसेट फिरवायचा नाही. आधीच कुणी फिरवला असेल, तर त्यावरचं कारखान्याचं शाईचं किंवा लाखेचं टिपूस तुटलेलं दिसतं.

लेसर खरोखर अशक्त आहे हे सांगायचे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक, ऑसिलोस्कोपवर (सिग्नलची आकृती दाखवणाऱ्या यंत्रावर) आरएफ सिग्नल, म्हणजे पिकअपने सीडीवरून वाचलेला कच्चा सिग्नल, बघणं. बोर्डावर त्याचा टेस्ट पॉइंट असतो, बहुतेक ‘आरएफ’ असंच लिहिलेलं असतं. निरोगी मशीनवर तिथे हिऱ्यांच्या जाळीसारखी स्वच्छ आकृती दिसते आणि उंची अनेक मशीनमध्ये १ ते १.५ व्होल्ट असते; नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. लेन्स स्वच्छ करूनही ती त्याच्या निम्म्यावर असेल आणि जाळी धूसर असेल, तर लेसर थकला. दुसरा मार्ग करंट मोजायचा. सोनीच्या अनेक पिकअपवर चिकटवलेल्या चिठ्ठीतले शेवटचे तीन आकडे त्या नगाचा मूळ करंट सांगतात: ४५९ म्हणजे ४५.९ मिलिअँपियर. प्रत्यक्षातला करंट याहून १०-१५ टक्क्यांनी जास्त निघाला, तर डायोड शेवटाकडे निघाला आहे.

मेकॅनिकला एवढंच विचारा: ‘आरएफ किती आला?’ जो आकडा सांगेल त्याच्याकडे मशीन ठेवा.

मोटरची तपासणी त्याहून सोपी आहे. स्पिंडल मोटरच्या दोन टोकांवर ओहम मोजत सीडीची चकती हाताने अगदी हळू फिरवा. आकडा थोडाफार हलणारच, पण एखाद्या जागी तो एकदम शेकड्यांत उडाला तर तिथे कार्बन आणि कॉम्युटेटरचा संपर्क तुटतो आहे. मोटर बदलताना ज्या चकतीवर सीडी बसते तिची उंची काढण्याआधीच व्हर्नियरने मोजून ठेवा आणि नव्या मोटरवर ०.१ मिलिमीटरच्या आत तितकीच ठेवा. मोटर नवी, लेन्स नवी आणि तरी अडखळतं, याचं कारण पुष्कळदा ही उंचीच असते.

पिकअप बदलायचाच झाला तर

आता निर्णय खरोखर पिकअपच्या नंबरावर येतो, आणि तो पिकअपवरच छापलेला असतो. ‘आता मिळत नाही’ हे वाक्य नंबर न बघता कुणी बोललं असेल तर ते मानू नका.

सोनीची केएसएस-२१३ मालिका आणि सान्योचा एसएफ-पी१०१एन हे असंख्य कंपन्यांच्या मशीनमध्ये बसवले गेले. त्यांचे पर्यायी नग आजही काहीशे रुपयांत मिळतात. हा नंबर निघाला तर दुरुस्ती करा, फार विचार नको. एसएफ-पी१०१एन मात्र १५ आणि १६ अशा दोन पिनांत येतो, पिना मोजूनच घ्या. २१३ घेताना नुसता पिकअप घेण्यापेक्षा मोटर, दांडी आणि गिअरसकट पूर्ण डेक मिळतो तो घ्या. चकतीच्या उंचीचा प्रश्न तिथेच मिटतो. केएसएस-२४०ए निघाला तर सावध राहा. मूळ माल संपलेला आहे, ‘ओरिजिनल’ म्हणून विकला जाणारा नग बहुतेकदा नक्कल असतो आणि नकलांचा दर्जा फार वरखाली असतो. परत घेण्याच्या बोलीवरच घ्यावा. फिलिप्सची झुलत्या हाताची सीडीएम-४ किंवा सीडीएम-९ यंत्रणा निघाली, तर नवा भाग विसरा. पण तिच्यात सरकणारे गिअरच नसतात आणि लेसर खूप टिकाऊ असतो, त्यामुळे दोष सप्लायमध्ये किंवा सोल्डरमध्ये असण्याचीच शक्यता जास्त. ती यंत्रणा ‘लेन्स गेली’ म्हणून भंगारात गेली, तर ते फार मोठं नुकसान आहे.

नवा पिकअप बसवताना एक टाका विसरला जातो. वाहतुकीत स्थिर विजेने डायोड मरू नये म्हणून पिकअपच्या लहान बोर्डावर दोन बिंदू सोल्डरच्या थेंबाने जोडून ठेवलेले असतात. आधी पट्टीकेबल जोडायची, मग अर्थिंग असलेल्या सोल्डरिंग आयर्नने हा थेंब काढायचा. क्रम उलटा केला तर लेसर मरू शकतो. थेंब काढायचाच राहिला तर लेसर लागतच नाही, ‘नो डिस्क’ येतं आणि चांगला नवा पिकअप खराब म्हणून फेकला जातो. पावसाळ्यात हे काम त्या मानाने निर्धोक. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत सिंथेटिक कपडे घालून करू नये.

सुटा भाग घ्यायला महाराणी रोडला जाताना जुना पिकअप डबीत घालून बरोबर न्या. नंबर तोंडी सांगून आणलेला भाग हमखास बदलावा लागतो.

बदलावा कधी

पिकअप आणि मोटर सोडून इतर बिघाड असेल तर हिशेब वेगळा. आवाज एका बाजूने येत असेल, तर मागच्या जॅकचं सोल्डर किंवा म्यूटिंगचा ट्रान्झिस्टर, किरकोळ काम. डिस्प्ले मिणमिणतो, बटणं वेड्यासारखी वागतात, तर सप्लायचे कंडेन्सर फुगले आहेत का आणि ५ व्होल्टच्या रेग्युलेटरवर खरंच ५ व्होल्ट येतात का ते बघा. तेही किरकोळच. पण सर्व्होचा (फोकस आणि मोटर सांभाळणारा) आयसी किंवा मुख्य कंट्रोलर मेला असेल तर थांबा, तो त्या मॉडेलपुरताच असतो. जपानहून आलेला १०० व्होल्टचा सेट कुणी थेट २३० वर लावला असेल, तर ट्रान्सफॉर्मरबरोबर पुढचं काय काय गेलं हे आधी पूर्ण तपासून घ्या, मगच पैसे घाला.

तसाच चालू स्थितीतला जुना सेट ज्या किमतीला मिळतो, त्याच्या एक तृतीयांशापर्यंत दुरुस्तीचा खर्च येत असेल तर करावा. निम्म्यावर गेला तर करू नये, मशीन मुळातच वरच्या दर्जाचं असेल तर गोष्ट वेगळी.

बदलायचाच ठरला तर मरांट्झ, डेनॉन, यामाहा यांचे सीडी प्लेअर आजही बनतात. जुना घेणार असाल तर आपली ७० मिनिटांवरची सीडी आणि कॉपी केलेली एक सीडी बरोबर न्या. दुकानात पहिला ट्रॅक, मग लगेच शेवटचा, मग परत पहिला लावा. उडी दोन-तीन सेकंदांत झाली पाहिजे. कमी खर्चाचा पर्याय म्हणजे कोॲक्सियल डिजिटल आउटपुट असलेला डीव्हीडी प्लेअर. पण तो घेताना डीव्हीडी लावून दाखवतील त्यावर समाधान मानू नका. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लेसर असतो आणि सीडीसाठी वेगळा ७८० चा. एक जिवंत आणि दुसरा मेलेला असू शकतो. सीडीच लावून बघा.

मशीन टाकून द्यायचं ठरलं तर आधी एखाद्या मेकॅनिकला विचारा, ट्रे, गिअर, क्लॅम्पचं चुंबक आणि रिमोट दुसऱ्या कुणाच्या सेटला उपयोगी पडतात. उरलेलं आपल्या कचरागाडीच्या ई-कचऱ्याच्या कप्प्यात जातं, सुक्या कचऱ्यात नाही.

आणि प्लेअरच्या आधीचं एक काम

हे दुरुस्तीचा निकाल लागायची वाट न बघता सुरू करा. छापील सीडी पुन्हा मिळू शकतात, तुमच्या घरगुती मैफिलींच्या कॉपी केलेल्या सीडी कुठेच मिळणार नाहीत. त्यांच्यातलं रंगद्रव्य उजेडाने आणि ऊष्णतेने फिकं पडतं, आणि इंदूरच्या मे महिन्यात काचेच्या कपाटातल्या सीडींना दोन्ही मिळतं. प्लेअरने वाचली नाही म्हणून ती सीडी गेली असं समजू नका, संगणकाचा ड्राइव्ह पुष्कळदा वाचतो. एक साधा यूएसबी सीडी ड्राइव्ह घ्या आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा मोफत प्रोग्राम सुरक्षित पद्धतीवर ठेवून फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता लहान होणाऱ्या फाइलमध्ये) उतरवून घ्या. तो खराब जागा पुन्हा पुन्हा वाचतो आणि शेवटी कुठल्या सेकंदाला शंका राहिली ते दाखवतो. न दबवलेला आवाज मिनिटाला साधारण १०.५ मेगाबाइट घेतो, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोनशे सीडी १२८ जीबीत बसतात, पण दोन वेगवेगळ्या जागी ठेवा. एक ड्राइव्ह अडला तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, निकाल बदलतो.

सुरुवात कागदी लेबल चिकटवलेल्या सीडींपासून करा. कागद ओल धरतो, वाकतो आणि फिरताना सीडी डगमगते, त्यामुळे त्याच आधी वाचेनाशा होतात. लेबल ओढून काढायला जाऊ नका. आवाज धरून ठेवणारा चमकता थर त्या कागदाच्या लगेच खाली, केवळ लाखेच्या पातळ पापुद्र्याने झाकलेला असतो, आणि कागदाबरोबर तोही सोलून निघतो.